समुद्र शाळेत केव्हा आला?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागताना मला एक अट घातली होती: ‘आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू तुझ्या विषयातले काहीतरी लिही.’ माझा विषय भूगोल. तो मी तीस वर्षे वेगवेगळ्या शाळांत शिकवला, आणि तो शिकवताना एक प्रश्न नेहमी पडत असे. आपल्या रत्नागिरीत एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला पांढरा समुद्र, मधे भगवतीचा किल्ला. वर्गात बसल्या जागी लाटांचा आवाज ऐकू यावा असे हे गाव. तरीही समुद्र हा ‘विषय’ म्हणून शाळेत यायला इतका उशीर का लागला? आणि आला तो कोणत्या वाटेने आला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते आपल्या गुरुजनांपुढे आणि वर्गमित्र-मैत्रिणींपुढे ठेवते आहे. शेवटी एक मागणीही आहे, ती मात्र चुकवू नये.

घरचा समुद्र

पुस्तकातला समुद्र येण्याच्या कितीतरी आधी आपल्या किनाऱ्यावर समुद्राचे शिक्षण चालू होते. त्याला वर्ग नव्हता, परीक्षा नव्हती. मिरकरवाडा, राजिवडा, कर्ला इथल्या खारवी, भोई, दालदी कुटुंबांतली मुले ते चालता-बोलता शिकत.

भरतीची वेळ काढण्याचा हिशेब हे त्याचे उत्तम उदाहरण. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, बंदरागणिक थोडे मागेपुढे होते, पण त्यामागचे शास्त्र पक्के आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, म्हणून पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला ओढ काटकोनात असते, पाणी कमी हलते, तो भांग. हे गणित सोडवायला घरी कोणालाही वही लागत नसे.

तीच गोष्ट ऋतूंची. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी किनाऱ्यावर ओढून ठेवायची, ही रीत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, आणि अनेक जातींचे मासे याच दिवसांत अंडी घालतात हे दुसरे. आज कायद्याने १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. कायद्याने सांगितले त्यातले बरेचसे परंपरेला आधीच ठाऊक होते.

हे ज्ञान शाळेच्या दारात मात्र थांबत असे. भूगोलाच्या तासाला ‘भरती-ओहोटी म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातल्या शब्दांत लागे. ज्याच्या घरी रापण होती त्या मुलाला उत्तर येत असे, पण त्या शब्दांत येत नसे. ही कोणा एका शाळेची किंवा शिक्षकाची गोष्ट नाही. अभ्यासक्रमच तसा घडला होता, आणि तो तसा का घडला हे पाहायला थोडे दूर जावे लागते.

बेटावरची शाळा

समुद्राच्या शास्त्राला ठळक आकार आला तो १८७२-७३ च्या सुमारास. १८७२ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अँटोन डोर्न यांनी इटलीत नेपल्सच्या किनाऱ्यावर संशोधन केंद्राची उभारणी सुरू केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्रिटनचे ‘चॅलेंजर’ जहाज निघाले आणि १८७६ पर्यंत जगभरचे महासागर मोजत फिरले. ही झाली संशोधकांची कामे. शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना १८७३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत घडली.

लुई अगासी हे हार्वर्डचे नामवंत प्राध्यापक. जॉन अँडरसन नावाच्या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने त्यांना मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळचे पेनिकीज नावाचे छोटे बेट आणि पन्नास हजार डॉलर दिले. अगासींनी तिथे उन्हाळी शाळा काढली. शाळेत दाखल झालेले सुमारे पन्नास विद्यार्थी बहुतेक करून शिक्षकच होते, आणि त्या काळातही त्यांत स्त्रिया होत्या. अगासींची पद्धत प्रसिद्ध होती. विद्यार्थ्याच्या हातात एक मासा द्यायचा आणि सांगायचे, नीट बघ. पुस्तक उघडायचे नाही. काय दिसले ते सांग, मग पुन्हा बघ. अगासींना डार्विनचा सिद्धान्त शेवटपर्यंत पटला नाही, तिथे काळाने त्यांना मागे टाकले. पण शिक्षकाने आधी स्वतः किनाऱ्यावर उतरायचे आणि मग मुलांना शिकवायचे, ही कल्पना टिकली.

त्याच वर्षी डिसेंबरात अगासी वारले आणि १८७४ च्या उन्हाळ्यानंतर ती शाळा बंद पडली. दोनच उन्हाळे चाललेली शाळा! पण तिच्याच धर्तीवर पुढे १८८८ मध्ये जवळच्या वुड्स होल गावी सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा निघाली, आणि ती आजही चालू आहे.

आपल्याकडची वाट

भारतात त्याच दशकात फ्रान्सिस डे हे लष्करी सेवेतले डॉक्टर इथल्या माशांची मोजदाद करत होते. त्यांचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा सचित्र ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झाला आणि अभ्यासक अजूनही तो उघडतात. पण हे सारे इंग्रजीतले, तज्ज्ञांसाठीचे ज्ञान. गावच्या शाळेतल्या मुलाला भूगोलात समुद्र भेटे तो बंदरे, जहाजांचे मार्ग आणि निर्यातीचा माल या रूपात. समुद्र म्हणजे ओलांडून जायची गोष्ट. त्यात राहणारे जीव पुस्तकात नव्हते.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था ३ फेब्रुवारी १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच, सुरू झाली. १९५१ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. एका पारशी दानशूराच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या मत्स्यालयात महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी शाळेच्या सहलीत काचेला नाक लावून पहिला जिवंत समुद्री मासा पाहिला. देशावरच्या मुलांसाठी तर तोच समुद्र होता.

आपल्या गावासाठी महत्त्वाचे वर्ष १९५८. त्या वर्षी रत्नागिरीत सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र निघाले. १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झाले आणि पुढे हे केंद्र त्याच्याकडे आले. तिथले संग्रहालय आणि मत्स्यालय आपल्या सगळ्यांना माहीत आहे. देवमाशाचा तो प्रचंड सांगाडा पाहिला नाही असा रत्नागिरीकर विद्यार्थी शोधून सापडायचा नाही. १९६० च्या दशकात अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराची मोहीम केली. तिच्या अनुभवातून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोनापावलाला आहे. १९८१ मध्ये शिरगावला मत्स्य महाविद्यालय सुरू झाले आणि आपल्या तालुक्यातली मुले समुद्राची पदवी घरून डबा नेऊन मिळवू लागली.

या सगळ्या काळाचा सूर मात्र एकच होता: उत्पादन वाढवा. देशाला अन्न हवे होते, परकीय चलन हवे होते. १९५३ मध्ये केरळात भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला, यांत्रिक होड्या आल्या, नायलॉनची जाळी आली, ट्रॉलर आले, कोळंबी परदेशी जाऊ लागली. त्या सुराला नावे ठेवणे सोपे आहे, पण योग्य नाही. मिरकरवाड्यातली कितीतरी घरे त्याच काळात कौलारू झाली, कितीतरी मुले त्याच पैशांवर आपल्याबरोबर दहावीपर्यंत आली. फक्त या सगळ्यात एक प्रश्न कोणी मुलांपुढे ठेवला नाही: समुद्रातले मासे संपू शकतात का? अथांग म्हणजे अक्षय, असेच सारे धरून चालले होते.

एक तास, शंभर जीव

समुद्राचे शिक्षण शाळेत का हवे, याला पर्यावरणाच्या आधीचे एक कारण आहे, ते म्हणजे जीव वाचवणे. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीच्या दिवशी थायलंडमध्ये फुकेतच्या एका किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आई-वडिलांबरोबर होती. पाणी विचित्र फेसाळते आहे, लाटा येताहेत पण नेहमीसारख्या परत जात नाहीत, हे तिने पाहिले. दोनच आठवड्यांपूर्वी तिच्या भूगोलाच्या शिक्षकांनी वर्गात सुनामीची लक्षणे शिकवली होती. तिने आरडाओरडा केला, वडिलांनी पहारेकऱ्याला सांगितले, किनारा रिकामा झाला आणि सुमारे शंभर माणसे वाचली. भूगोलाच्या एका तासाची एवढी किंमत क्वचितच कोणी मोजून दाखवली असेल.

जपानमध्ये तर अशी गोष्ट पाठ्यपुस्तकातच होती. १८५४ च्या सुनामीत हामागुची गोर्यो या गृहस्थाने कापलेल्या भाताच्या गंजी पेटवून गावकऱ्यांना उंचावर येण्याची वाट दाखवली होती. त्या घटनेवर आधारलेला धडा १९३७ ते १९४७ या काळात जपानी प्राथमिक शाळांत शिकवला जात होता. त्याच घटनेच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा जागतिक सुनामी जागृती दिन पाळला जातो.

संवर्धन आले, पण कसे?

आपल्याकडे समुद्र वाचवण्याचा विचार कायद्याच्या वाटेने आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पुढे सागरी कासवांना संरक्षण मिळाले. १९८७ मध्ये मालवणच्या समुद्रात सागरी अभयारण्य घोषित झाले. १९९१ च्या फेब्रुवारीत किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा निर्देश दिला. आज मुले ‘पर्यावरण’ शिकतात त्यामागे तो निकाल आहे.

पण कायदा आणि माणसे यांच्यामध्ये शिक्षणाचा पूल नसेल तर काय होते, ते मालवणात दिसले. अभयारण्य झाले आणि मच्छीमारांनी त्याला जोरदार विरोध केला. आपल्या पोटावर पाय येणार, ही त्यांची भीती. हा समुद्र का राखायचा, त्यात आपला फायदा काय, हे त्यांना विश्वासात घेऊन आधी कोणी समजावले नव्हते.

याच्या उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, पण ती अंडी माणसे आणि कोल्हे-कुत्री फस्त करतात, हे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या २००२ मध्ये लक्षात आले. संस्थेने गावकऱ्यांनाच बरोबर घेतले. रात्री-पहाटे गस्त घालायची, घरटे सापडले की अंडी उचलून किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागी तशाच खोलीच्या खड्ड्यात पुरायची आणि वाट पाहायची. एका घरट्यात साधारण शंभरावर अंडी असतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. तापमानवाढ म्हणजे काय, हे समजावून सांगायला याहून सोपा धडा नाही. पुढे तिथे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांतच उतरू लागले, आणि कासव वाचवण्यात गावाचा चार पैशांचा लाभही दिसू लागला. २०२२ च्या जानेवारीत वेळासलाच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवण्यात आले. पश्चिम किनाऱ्यावरची ही पहिलीच मादी, म्हणून तिचे नाव ‘प्रथमा’.

वेळासच्या मुलांना कासव पुस्तकात वाचावे लागले नाही. त्यांनी घरटी मोजली, दिवस मोजले, पिल्ले मोजली. पेनिकीज बेटावरची पद्धत ती हीच.

मुंबईतही असे घडले. २०१५ पासून वर्सोव्याचा किनारा अफरोज शहा आणि स्थानिकांनी साफ करायला घेतला, आणि २०१८ च्या मार्चमध्ये तिथे कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. २०१७ मध्ये काही निसर्गप्रेमींनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला. ओहोटीच्या वेळी लोकांना, मुलांना खडकांवर नेऊन समुद्रफुले, खेकडे, शंख दाखवायचे. ज्या शहराने समुद्राला गटार समजले त्याच शहराच्या खडकांवर प्रवाळही सापडते, हे कित्येकांना तेव्हा प्रथम कळले.

पुस्तक बदलले, पुढे काय?

आपण एकटे मागे होतो असे नाही. अमेरिकेत १९९६ मध्ये शालेय विज्ञानाची राष्ट्रीय मानके ठरली तेव्हा त्यांत समुद्राला नावापुरतीच जागा होती. त्यावर तिथले शास्त्रज्ञ आणि शिक्षक एकत्र आले आणि २००५ मध्ये त्यांनी ‘सागर साक्षरते’ची सात तत्त्वे मांडली. त्यांचा सारांश असा: पृथ्वीवर महासागर एकच आहे, त्याला फक्त अनेक नावे आहेत, हवामान तो घडवतो, श्वासाचा प्राणवायू आणि पावसाचे पाणी त्याच्याशी बांधलेले आहे, आणि आपण व तो एकमेकांपासून सुटू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक सागरविज्ञानाला वाहिले आहे आणि युनेस्कोने सर्व देशांना समुद्र अभ्यासक्रमात आणण्याचे आवाहन केले आहे.

बालभारतीच्या भूगोलातही समुद्राला आता चांगली जागा मिळाली. महासागरांचे महत्त्व, भरती-ओहोटी, सागरतळ, सागरी प्रवाह असे धडे आले. हे मोठे पाऊल आहे. मात्र शिक्षिका म्हणून अनुभव सांगते. धडा संपला की मुले ‘समुद्र वाचवा’ असे पोस्टर छान रंगवतात, पण बांगडा आणि तारली शेजारी ठेवले तर ओळखत नाहीत. घोषणा पाठ होते, निरीक्षण होत नाही. आणि घोषणेत एक धोकाही आहे. ‘मासेमारीमुळे समुद्र संपतो’ एवढेच वाक्य फळ्यावर लिहिले, तर मागच्या बाकावरच्या मच्छीमाराच्या मुलीला वाटते की आपला बाप गुन्हेगार आहे. खरे तर रापण, गळ, छोटी होडी, ट्रॉलर, पर्ससीन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक वर्गात समजावून सांगायला हवा, आणि तो त्या मुलीच्या बापाइतका चांगला कोणी सांगणार नाही.

दरम्यान दुसऱ्या बाजूने घरची शाळाही मोडते आहे. आपल्या बॅचमधल्या मच्छीमार मित्रांची मुले शिकली, मुंबई-पुण्याला गेली, परदेशात गेली. याचा आनंदच आहे. आज मिरकरवाड्याच्या होड्यांवर खलाशी म्हणून नेपाळहून आलेले तरुण दिसतात. तिथीची पाऊणपट करणारी डोकी आता साठी-सत्तरीची आहेत. म्हणजे पुस्तकातला समुद्र शाळेत आला तोवर घरातला समुद्र निघून चालला. दोन्ही एका वर्गात कधी भेटलेच नाहीत. मला या सगळ्या इतिहासातली खरी हानी हीच वाटते.

मासे कमी झाले हे तर आपण ताटातच पाहतो. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. एकदाही अंडी न घातलेला मासा ताटात आला, तर पुढची पिढी येणार कुठून? पण हा नियम किती घरांत ठाऊक आहे? बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर तो पाळणार कोण?

मागणी

आता ती मागणी. स्नेहमेळाव्यात शाळेला काय भेट द्यायची, याची चर्चा चालू आहे. संगणक आणि पाण्याच्या टाकीबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट करू या, जिला पैसे कमी आणि माणसे जास्त लागतील.

पावसाळा सोडून दर महिन्याला आठवी-नववीची एक तुकडी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जाईल. एक वही असेल, ती शाळेतच राहील आणि वर्षानुवर्षे भरत जाईल: तारीख, तिथी, पाणी कुठवर उतरले, खडकांवर काय दिसले, किती दिसले, कचरा कोणता होता. दुसरी नोंद मासळीबाजाराची. मुले पट्टी घेऊन जातील आणि पापलेट, बांगडा, सुरमई किती लांबीची आली ते लिहितील. दहा वर्षांनी ही वही म्हणजे आपल्या गावच्या समुद्राचा इतिहास होईल. असा इतिहास आज कोणाकडेच नाही.

शिकवायला आपण आहोतच. आपल्यात होडीचे मालक आहेत, रापणीवर वाढलेले आहेत, पर्ससीनवाले आहेत, मत्स्य महाविद्यालयातून निवृत्त झालेले आहेत, आणि मासे निवडण्यात कोणाला हार न जाणाऱ्या आपल्या मैत्रिणी आहेत. ट्रॉलरवाला आणि रापणवाला एकाच वर्गात मुलांसमोर आपली बाजू मांडतील, तर तो वाद मुलांना कोणत्याही धड्यापेक्षा जास्त शिकवील. आणि कदाचित आपल्यालाही. मुख्याध्यापकांशी प्राथमिक बोलणे झाले आहे, त्यांची तयारी आहे. वर्गाबरोबर दोन पालक आणि पोहणारी दोन माणसे असलीच पाहिजेत, ही त्यांची अट रास्त आहे.

वेळेचा हिशेबही करून ठेवला आहे. पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला भरती साधारण सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमाराला. उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो, पाणी चांगले उतरते, आणि पहिली घंटा व्हायच्या आत मुले किनाऱ्यावर पोहोचू शकतात. दिवाळीची सुट्टी संपल्यावर येणाऱ्या पहिल्या तृतीयेला सुरुवात करावी असे माझे मत आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी मेळाव्याच्या दिवशीच माझ्याकडे नावे द्यावीत. वही मी आणते, पट्ट्या तुम्ही आणा.